आधी आपली हवा

आमच्या गच्चीवरून पवना आणि मुळा एकमेकींना मिळतात ती जागा दिसत नाही. मधे इमारती उभ्या राहिल्या. वास मात्र येतो. नोव्हेंबर लागला की पहाटे पाचच्या सुमाराला जुनी सांगवी त्या वासातच उठते. कुजक्या अंड्यासारखा मुख्य वास, त्याखाली चिखलाचा, आणि वर जलपर्णीचा हिरवट उग्रपणा. शेजारच्या आजी दुधाची पिशवी घ्यायला खाली उतरतात, गच्चीकडे बघतात आणि सांगतात, "आज लई सुटलाय गं." मी वहीत लिहिते: तारीख, वेळ, वाऱ्याची दिशा, पारा किती, आणि आजींचा शेरा. अकरा वर्षं ही वही चालू आहे.

पोटापाण्याचं माझं काम दुसऱ्या ग्रहांच्या हवेचं आहे. कुठल्या ग्रहाभोवती कोणते वायू, किती प्रमाणात, कोणत्या उंचीवर, किती तापलेले, हे तिथून आलेल्या प्रकाशावरून काढायचं. सकाळी राजीव गांधी पुलावरून औंधकडे निघते तेव्हा खाली तीच मुळा असते आणि वही पिशवीत असते. नदीची वही हा छंद आणि ग्रहांची हवा हे काम, अशी वाटणी मी बरीच वर्षं मनाशी केली होती. ती हळूहळू मोडत गेली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, दापोडीच्या एसटी वर्कशॉपमध्ये वेल्डर होते. सुट्टीच्या दिवशी ते ओळखीच्या एका गॅरेजात मदतीला जायचे आणि मला सायकलवर पुढे बसवून न्यायचे. टॉर्च पेटवली की आधी पिवळी, धुरकट, काजळी सोडणारी ज्योत यायची. मग अण्णा ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह अगदी थोडाथोडा फिरवत. पिवळेपणा सरायचा, ज्योतीच्या पोटात पिसासारखी पांढरट शेपटी दिसायची, ती आखडत आखडत आत जायची आणि नोझलच्या टोकाशी एक लखलखीत सुळका उरायचा. "आता बरोबर," असं म्हणून ते काळा चष्मा खाली ओढायचे. एकदा मला दाखवायला म्हणून त्यांनी व्हॉल्व्ह आणखी फिरवला. सुळका आखूड झाला, ज्योत फुसफुसायला लागली. "ऑक्सिजन जास्त झाला. आता लोखंड जळंल." गेजकडे त्यांनी त्या वेळी बघितलंही नव्हतं. ज्योतीचा रंग आणि आकार बघून दोन वायूंचं प्रमाण सांगणारा माणूस मी आठ वर्षांची असताना पाहिला. पुढे वर्णपटशास्त्राच्या पहिल्या तासाला सगळी मुलं नवीन काही ऐकत होती. मला मात्र गॅरेज आठवत होतं.

२०२३ च्या सुरुवातीला एक हिरवा धूमकेतू आला होता. सांगवीतून तो दिसणं शक्यच नव्हतं, म्हणून मी अण्णांना फोटो दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "हा तर ज्योतीतला हिरवा." अगदी बरोबर होतं. कार्बनचे दोन अणू जोडीनं असले की त्यांचा प्रकाश हिरवट-निळा पडतो. विल्यम स्वान यांनी १८५० च्या दशकात ज्योतींमध्ये ते पट्टे नोंदवले आणि आजही ते त्यांच्याच नावानं ओळखले जातात. टॉर्चमध्ये तोच रेणू, स्वयंपाकघरातल्या शेगडीत तोच आणि धूमकेतूच्या डोक्यातही तोच. अण्णांनी लगेच विचारलं, "मग तिथं काय जळतंय?" मी म्हटलं, "जळत नाही, अण्णा. उन्हानं चमकतंय." त्यांना ते पटायला वेळ लागला. रेणू एक आणि त्याला चमकवणारी कारणं दोन, ही गोष्ट मलाही माझ्या कामात उशिराच पटली होती, तीसुद्धा चूक केल्यावर.

२००५ चा नोव्हेंबर. मंगळ पृथ्वीच्या जवळ आला होता आणि मी पीएचडीच्या दुसऱ्या वर्षाला होते. डोंगरावरच्या एका दुर्बिणीवर मला काही रात्री मिळाल्या होत्या. मंगळाच्या हवेतली वाफ मोजायची होती. पद्धत साधी आहे. ग्रहाचा प्रकाश आपल्यापर्यंत येताना शेवटी आपल्याच हवेतून येतो, आणि आपल्या हवेतही वाफ आहेच. म्हणून ग्रहाच्या आसपासचा एखादा असा तारा घ्यायचा की ज्याच्या स्वतःच्या प्रकाशात वायूंनी खाल्लेल्या रंगांच्या रेघा फारशा नसतात. त्याच्या वर्णपटात ज्या रेघा दिसतील त्या आपल्या हवेच्या. ग्रहाच्या वर्णपटाला ताऱ्याच्या वर्णपटानं भागलं की आपली हवा निघून जाते आणि उरतो तो ग्रह.

मी भागलं आणि उरल्या वाफेच्या ठसठशीत रेघा, अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त. त्या रात्री मला झोप आली नाही. मंगळावर त्या जागी नुकतंच बर्फ उडून गेलं असेल, असं मी कागदावर मांडूनही टाकलं. सकाळी चहाच्या वेळी माझ्या मार्गदर्शक सरांपुढे आलेख ठेवला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, ठेवला आणि विचारलं, "तारा किती वाजता घेतलास?" मी वेळ सांगितली. मंगळाच्या आधी सव्वादोन तास. "त्या वेळात दमट वारं सुटलं होतं ना? तुझ्या शाली ओल्या झाल्या होत्या, बाहेर वाळत घातल्यात." मी गप्प. मग ते म्हणाले, "पौर्णिमा जवळ आली आहे. चंद्र मंगळाच्या शेजारीच होता. तो का नाही घेतलास? त्याच्याकडे हवाच नाही. आधी आपली हवा नीट काढून टाक, मग मंगळाचं बोलू."

दुसऱ्या रात्री मी चंद्र घेतला, मंगळ घेतला, परत चंद्र घेतला. ठसठशीत रेघा गेल्या. माझ्या दुर्बिणीला जी वाफ दिसली होती ती आमच्याच डोंगरावरची होती. माझ्या शालींत शिरलेली.

सरांनी नंतर एक जुना प्रबंध वाचायला दिला. तेव्हा कळलं की ह्या वाटेवर माझ्याआधी मोठी माणसं घसरली होती. फ्रान्सच्या जॅन्सेन यांनी १८६७ मध्ये एटना पर्वतावरून मंगळ पाहिला आणि तिथे वाफ असल्याचं जाहीर केलं. हेच जॅन्सेन पुढच्या वर्षी, १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणासाठी गुंटूरला आले होते. त्या ग्रहणाचा पट्टा आपल्या भागातूनच गेला. जमखंडी संस्थानातही एक तुकडी वर्णपटदर्शक लावून बसली होती. सूर्याच्या ज्वाळांत कित्येकांना एक पिवळी रेघ दिसली. ती सोडियमच्या जागेच्या जवळ होती, पण सोडियमची नव्हती. तिच्यातून पुढे हेलियम निघाला. एका वर्षाच्या अंतरानं एक चूक आणि एक शोध, माणूस एकच आणि उपकरणाचा प्रकारही एकच. फरक एवढाच होता की सूर्याच्या त्या रेघेवर हक्क सांगणारं आपल्या हवेत काही नव्हतं.

मंगळाच्या वाफेचा दावा १८९४ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत कॅम्पबेल यांनी तपासला. त्यांनी मंगळ आणि चंद्र आकाशात एकाच उंचीवर असताना दोघांचे वर्णपट शेजारीशेजारी ठेवले. फरक दिसेना. पुढची जवळजवळ ७० वर्षं ह्या प्रश्नाचं पक्कं उत्तर मिळालं नाही. शेवटी १९६३ मध्ये माउंट विल्सनवर स्पिनराड, म्युंख आणि कॅपलन यांनी मंगळ आपल्यापासून वेगानं सरकत असतानाची वेळ साधली. वेगामुळे मंगळाच्या रेघा जराशा बाजूला सरकतात, आपल्या हवेच्या जागेवरच राहतात. त्या सरकलेल्या बारीक रेघांवरून काढलेली मंगळाची सगळी वाफ पाणी करून पसरली तर जाडी भरली साधारण १४ मायक्रॉन, म्हणजे एका मिलिमीटरचा सत्तरावा भाग. पावसाळ्यात पुण्यावरच्या हवेतली वाफ अशीच पसरली तर ती चार-पाच सेंटिमीटर भरते. मी ज्या आकाशाखाली वाढले त्यातून मंगळाची वाफ बघणं म्हणजे भरलेल्या पिंपात पडलेला एक थेंब ओळखणं.

ह्या कामाची एक पुणेरी पायरीही आहे आणि ती मला जवळची वाटते, कारण ती ह्याच मुळेच्या काठी होती. सांगवीवरून निघालेलं पाणी दापोडी, खडकी करत संगमाकडे जातं. तिथे पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या, तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये, प्राध्यापक कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी १८८८ मध्ये भावनगरच्या महाराजांच्या देणगीतून महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा सुरू केली. २० इंची दुर्बीण, भारतातली त्या काळची सर्वांत मोठी. नायगमवाला वर्णपट घेत: सूर्याचे, मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाचे. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला ते सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरला गेले. त्याच दिवशी इंग्लंडचे लॉकियर विजयदुर्गावर तळ ठोकून होते. १९१२ मध्ये नायगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि उपकरणं कोडाईकनालला गेली. मी संगमावरून जाताना प्रत्येक वेळी तिकडे बघते. बघायला काही नाही, तरी बघते. पंचवीस वर्षं एका माणसानं पुण्याच्या दमट आकाशाशी झगडून रेघा मोजल्या, आणि त्याचं नाव आमच्या भागातल्या एकाही शाळेत मुलांना सांगितलं जात नाही, ह्याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता माझं रोजचं काम सांगते. सांगवीच्या रस्त्यांवर पूर्वी पिवळे दिवे होते, सोडियमचे. तेच सोडियम २००२ मध्ये पहिल्यांदा परक्या सूर्याच्या ग्रहावर सापडल्याचं प्रसिद्ध झालं. सूर्यमालेबाहेरच्या ग्रहाच्या हवेतला हा पहिला वायू. एचडी २०९४५८ ह्या ताऱ्याचा ग्रह त्याच्यासमोरून जातो तेव्हा ताऱ्याचा प्रकाश सुमारे दीड टक्क्यानं कमी होतो. नेमक्या सोडियमच्या पिवळ्या रंगात तो आणखी जरासा कमी झाला, दहा हजारांत साधारण दोन भाग. हबल दुर्बीण हवेच्या वर असल्यामुळे आपली हवा मधे नव्हती. तरी २०२० मध्ये काही संशोधकांनी दाखवून दिलं की तारा स्वतःभोवती फिरतो, त्याच्या कडेचा आणि मध्याचा प्रकाश सारखा नसतो, आणि ग्रह त्याचा एकेक भाग झाकत जातो तेव्हा ह्याच गोष्टींनी अशीच खूण उमटू शकते. आपली हवा काढली तरी तारा काढायचा राहतोच. ताऱ्यावरचे डाग, त्याचं फिरणं, उपकरणाची स्वतःची खोड, सगळं एकेक करून वजा करावं लागतं. माझ्या दिवसातला मोठा भाग ह्या वजाबाकीत जातो. ग्रह शेवटी येतो, तोही थोडाच.

उरलेल्या वेळात उलटं गणित. एक काल्पनिक हवा घ्यायची: इतका हायड्रोजन, इतकी वाफ, इतका कार्बन डायऑक्साइड, वर असे ढग. तिच्यातून प्रकाश गेला तर वर्णपट कसा दिसेल ते काढायचं आणि खऱ्याशी ताडून बघायचं. जुळत नाही. प्रमाण बदलायचं, परत. संगणक हे लाखो वेळा करतो. रात्री गणित लावून मी झोपते आणि सकाळी चहा ठेवण्याआधी बघते की कुठे स्थिरावलं. ह्यासाठी कोणता रेणू कोणत्या रंगाचा प्रकाश किती खातो ह्याच्या याद्या लागतात. त्यांतली सर्वांत नावाजलेली यादी, हिट्रान, मुळात पृथ्वीच्या हवेसाठी तयार झाली. तिची पहिली आवृत्ती १९७३ ची. आपल्या हवेत इन्फ्रारेड किरण कसे अडतात हे जाणून घ्यायला प्रयोगशाळेत काचेच्या नळीत वायू भरून लोकांनी रेघामागून रेघ मोजली. आज त्याच रेघांच्या आधारानं ७०० प्रकाशवर्षं दूरच्या ग्रहाबद्दल बोलतो. तापलेल्या ग्रहांसाठी ही यादी अपुरी पडते, कारण हजार अंशाला रेणू अशा कित्येक रेघा दाखवतात ज्या थंडीत दिसतच नाहीत. मग गणितानं काढलेल्या, अब्जावधी रेघांच्या याद्या घ्याव्या लागतात. पण पहिली मुळाक्षरं आपल्याच हवेची.

आता पुन्हा नदीकडे येते, कारण माझ्या अलीकडच्या सगळ्या विचाराची गाठ तिथेच पडली आहे.

नदीचा तो कुजक्या अंड्याचा वास म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सांडपाण्यानं पाण्यातला ऑक्सिजन संपतो, वर जलपर्णीची गोधडी पडते, आणि खालच्या गाळातले जिवाणू ऑक्सिजनऐवजी सल्फेट वापरून जगतात. त्यांचा उच्छ्वास म्हणजे हा वायू. अब्जांत काही भाग एवढासा असला तरी माणसाच्या नाकाला कळतो. सांगवीत त्याचा अर्थ स्वच्छ आहे: खाली जीव आहेत, आणि नदीची तब्येत वाईट आहे.

२०१८ मध्ये हवाईतल्या जेमिनी दुर्बिणीनं हाच वायू युरेनसच्या ढगांवर दाखवला. तिथे गाळ नाही, जिवाणू नाहीत. ग्रह घडताना आत अडकलेलं गंधक आहे आणि थिजवणारी थंडी. २०२४ मध्ये तोच वायू एचडी १८९७३३ बी ह्या ६४ प्रकाशवर्षांवरच्या तापलेल्या ग्रहावर सापडला. आणि डब्ल्यूएएसपी-३९ बी नावाच्या ग्रहावर वेब दुर्बिणीला सल्फर डायऑक्साइड दिसला. त्याचा उलगडा असा झाला की ताऱ्याच्या अतिनील किरणांनी वाफेचे रेणू फुटतात आणि त्यांचे तुकडे हायड्रोजन सल्फाइडला जाळून त्याचा सल्फर डायऑक्साइड करतात. उन्हानं घडलेलं हे रसायन परक्या ग्रहावर पहिल्यांदाच इतकं स्पष्ट दिसलं. तो शोधनिबंध मी वाचला ती फेब्रुवारीतली पहाट होती. खिडकी उघडी होती आणि आत नदीचा वास येत होता. रेणू तोच. आमच्या गल्लीत तो जिवंतपणाची खूण, युरेनसवर थंड ढगाची, आणि तिकडे नुसती उन्हाची सामग्री. वायूचं नाव कळलं म्हणून त्याची गोष्ट कळत नाही. खालची जमीन, वरचं ऊन, गारवा, दाब हे सगळं ठाऊक असेल तरच तो काही सांगतो.

हेच शुक्राच्या बाबतीत जगानं पाहिलं. १४ सप्टेंबर २०२० ला जाहीर झालं की शुक्राच्या ढगांत फॉस्फिन दिसतो आहे, अब्जांत २० भाग. धान्याच्या कोठारात किडीसाठी ठेवतात त्या गोळ्यांतून सुटणारा विषारी वायू तो हाच. पृथ्वीवर नैसर्गिक फॉस्फिनचा संबंध बहुतेक कुजण्याशी, ऑक्सिजन नसलेल्या जागांशी लागतो. म्हणून जीवसृष्टीची चर्चा लगेच उठली. गोविंद स्वरूप आदल्याच आठवड्यात, ७ सप्टेंबरला, पुण्यात गेले होते. खोडदला ४५ मीटरच्या ३० तबकड्या उभ्या करणाऱ्या ह्या माणसानं उतारवयात शुक्राचे रेडिओवेध घेणाऱ्या गटात काम केलं. २०१७ च्या त्या शोधनिबंधावर त्यांचं नाव आहे. तरंगलांबी वाढवत नेली की शुक्र आपल्या भट्टीसारख्या पृष्ठभागापेक्षा थंड का भासतो, हा त्यातला प्रश्न होता. फॉस्फिनची बातमी ऐकून त्यांनी पहिला प्रश्न काय विचारला असता, हे मी त्या आठवड्यात सारखं मनात घोळवत होते. पुढच्या महिन्यांत एका दुर्बिणीच्या मोजणीतली दुरुस्ती निघाली, आकडा १ ते ४ पर्यंत उतरला. काहींनी दाखवलं की अगदी त्याच जागी सल्फर डायऑक्साइडचीही रेघ आहे. वाद अजून संपलेला नाही. के२-१८ बी ह्या १२४ प्रकाशवर्षांवरच्या ग्रहावर केंब्रिजच्या निक्कू मधुसूदन यांच्या गटानं डायमिथाइल सल्फाइडची चाहूल सांगितली आहे, त्याचीही तशीच उलटतपासणी चालू आहे. आपल्या समुद्रात हा वायू वनस्पतिप्लवक सोडतात; एका निर्जीव धूमकेतूवरही तो सापडला आहे. हे दावे करणाऱ्यांबद्दल माझ्या मनात आदर आहे. दावा केल्याशिवाय वजाबाकी पूर्ण झाली की नाही हे कळणार कसं?

आपल्याकडचं ह्या शिस्तीचं सर्वांत सुंदर उदाहरण माझ्या मते जयंत नारळीकरांच्या बलूनचं आहे. २००१ च्या जानेवारीत हैदराबादहून सोडलेल्या बलूननं ४१ किलोमीटर उंचीपर्यंतची हवा गोळा केली. २००५ मध्ये पुन्हा. इतक्या वरच्या हवेत जिवाणू आहेत का, आणि असले तर ते खालून गेले की बाहेरून आले? नमुन्यांवरचं बरंच काम हैदराबादला आणि पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात झालं. तीन नव्या जाती मिळाल्या, त्यांतल्या एकीला आर्यभटांचं नाव दिलं, एकीला फ्रेड हॉयल यांचं. नारळीकरांचा कल जीव बाहेरून येतो ह्या बाजूला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी ते जिवाणू पृथ्वीवरचे नाहीत असं म्हणण्याइतका पुरावा नाही, ही मर्यादा त्या कामानं उघडपणे मान्य केली. स्वतःला हवं असलेलं उत्तर समोर असताना आधी आपली हवा वजा करणं फार कठीण असतं. २० मे २०२५ ला नारळीकर गेले, त्या दिवशी मी हीच गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना सांगितली आणि मधेच थांबावं लागलं.

वहीनंही मला एक उत्तर दिलं आहे. पाच वर्षांच्या नोंदी जुळवल्या तेव्हा माझी समजूत होती की वास जास्त त्या दिवशी नदी जास्त घाण. तसं निघालं नाही. वास सुटतो तो वारा पडलेल्या, आभाळ मोकळं असलेल्या, गार पहाटे. रात्री जमीन आपली उष्णता वर सोडून गार होते, तिच्यालगतची हवा गार आणि जड होते, वर ऊबदार हवेचं झाकण बसतं. नदीतून निघालेला वायू त्या झाकणाखाली कोंडतो. नऊ वाजता ऊन तापलं की झाकण उघडतं. आजी हे मला पहिल्याच वर्षी सांगत होत्या: "ऊन आलं की जातोय." मंगळावर हवा विरळ असल्यानं रात्री हेच झाकण फार घट्ट बसतं, आणि तिथल्या पहाटेची गणितं करताना मला नदीचा काठ डोळ्यांपुढे ठेवून विचार करता येतो. घाण रोजचीच आहे. सांडपाणी नदीत जायचं थांबलं पाहिजे, हे मी महापालिकेच्या प्रत्येक बैठकीत सांगितलं आहे आणि सांगत राहणार आहे. पण वही दाखवताना मी वासाचा आकडा घाणीचा म्हणून देत नाही. तो झाकणाचाही आहे.

इथली माणसं मला नेहमी विचारतात, "तिकडं राहता येईल का?" शुक्राच्या पृष्ठभागावर ४६० अंशांच्या वर तापमान आणि आपल्या नव्वदपट दाब आहे, हे मी सांगते. ट्रॅपिस्ट-१ च्या सात ग्रहांतल्या सर्वांत आतल्या ग्रहावर वेब दुर्बिणीला हवा असल्याची खूणच सापडली नाही, हेही सांगते. भारताच्या शुक्रयानाला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आणि मार्च २०२८ ची वेळ ठरली, तेव्हा गल्लीतल्या मुलांनी मला गराडा घातला. तोपर्यंत त्यांतली काही कॉलेजात असतील. सीडीच्या तुकड्याचा आणि खोक्याचा वर्णपटदर्शक आम्ही गच्चीवर बनवतो. नवे एलईडी दिवे बघितले की सगळे रंग सलग दिसतात. कासारवाडीच्या बाजूला एका बंद पडत चाललेल्या शेडवर एक जुना पिवळा दिवा राहिला आहे. तो बघितला की मुलं ओरडतात, कारण तिथे एकच पट्टी उजळते.

जुलै २०२४ मध्ये धरणांतून पाणी सोडलं आणि पाऊसही थांबेना. नदीकाठच्या गल्ल्यांत पाणी शिरलं, आमच्या तळमजल्यापर्यंत आलं. मध्यरात्री अण्णांना आणि आजींना धरून आम्ही महापालिकेच्या शाळेत गेलो. वीज नव्हती. संगणकावर लावलेलं गणित अर्ध्यात बंद पडलं असणार, ते मला आठवलंही नाही. वर्गात बाकांवर माणसं झोपली होती, लहान मुलं रडत होती, कोणीतरी चहाचं पातेलं आणलं. पहाटे पाऊस जरा उणावला. आजी व्हरांड्यात येऊन कठड्याला धरून उभ्या राहिल्या. खाली तांबूस पाणी रस्ताभर वाहत होतं, जलपर्णीचे गठ्ठे त्यावरून गरगरत चालले होते. आजींनी नाक वर करून दोनदा श्वास घेतला.

"नुसता मातीचा येतोय," त्या म्हणाल्या. "त्याचा नाही."

वही घरी राहिली होती. मी मोबाइलवर वेळ बघितली, पाच वाजून वीस मिनिटं, आणि शाळेच्या फलकाखालचा खडू घेऊन कठड्यावर लिहून ठेवली.